अफवा, काठ्या आणि आधी पोचलेल्या बाया

मी वरोरहून बोलतेय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले, 'ताई, जगभराचा इतिहास सांगता, मग आपल्या डहाणू-तलासरीचा कधी?' तर आज तोच. ज्यांना ट्रेनच्या गर्दीत ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय. बोलताना झालेले अं-अं आणि मध्येच भुंकलेला शेजारचा कुत्रा तेवढा काढून टाकलाय.

सुरुवात एका रात्रीपासून करते. आमच्या गावातली, फार जुनी नाही.

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. गावाच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'किनाऱ्यावर गाडी आलीय, सर्व्हेवाले आहेत, सगळ्यांनी काठ्या घेऊन या.' वाढवण बंदराचा विषय आमच्याकडे किती तापलेला असतो ते या पट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. दोन मिनिटांत तो मेसेज पाच ग्रुपवर फिरला. पोरं बाइक काढायला लागली. माझ्या भावाने दारामागचा बांबू घेतला. मी फोन हातात घेऊन उभी, पुढचा मेसेज काय येतो ते बघत.

तोवर माझी आई आणि शेजारच्या तीन बाया टॉर्च घेऊन निघूनही गेल्या होत्या. काठी एकीच्याही हातात नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा काय चाललं होतं? बाहेरगावच्या चार पोरांची गाडी वाळूत रुतली होती. फिरायला आली होती बिचारी. आई आणि बाकीच्या त्यांना मागून धक्का मारायला मदत करत होत्या. आमची पंचवीस-तीस पोरं, हातात बांबू, समोर चिखलाने माखलेली चार घाबरलेली पोरं. एकाने हळूच बांबू खाली टाकला. मग सगळ्यांनी मिळून गाडी काढली.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, 'तुला भीती नाही वाटली? खरंच कोणी असतं तर?'

ती म्हणाली, 'मोबाईलमध्ये बघून काय कळणार? जाऊन बघायला नको?'

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण आपल्याच तालुक्यांत अशी एक रात्र १९४५ साली येऊन गेली होती आणि एक २०२० साली. त्या दोन्ही रात्री माणसं मेली.

वेठ म्हणजे काय होतं?

आमच्याकडे जुनी माणसं दोन शब्द वापरतात, बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. आम्ही बंदरपट्टीचे. मासे, वाडी, घरोघरी चालणारं डायमेकिंग, असं आमचं जग. रेल्वेच्या पलीकडे पूर्वेला डोंगराकडे गेलात की जंगलपट्टी, वारल्यांचा मुलूख. माझी आजी सुके बोंबील आणि जवळा पाटीत घालून तिकडच्या बाजाराला जायची आणि बदल्यात भात आणायची. ती सांगायची, 'आपण गरीब होतो, पण आपण आपले होतो. तिकडं माणूस सावकाराचा होता.'

आजी वाढवून सांगत नव्हती. डी. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी केलेला अहवाल १९३९ साली छापला गेला. जमीनदाराने बोलावलं की कुळाने कामाला जायचं, कितीही दिवस. नाही म्हटलं तर मार. मजुरी जास्तीत जास्त दिवसाला एक आणा, बहुतेकदा तीही नाही, एका जेवणापुरता तांदूळ. ही वेठ.

त्याहून वाईट म्हणजे लग्नगडी. वारली पोराने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की ते फेडायला तो आयुष्यभर त्याच्या घरी राबायचा. लक्षात घ्या, एकटा तो नाही. ज्या मुलीशी लग्न झालं तीसुद्धा. कर्ज नवऱ्याच्या नावावर, गुलामी दोघांच्या वाट्याला, आणि पुढे मुलांच्याही. सावकाराच्या घरी राबणाऱ्या बाईवर आणखी काय काय ओढवायचं ते मी इथे सांगत बसत नाही. तुम्हाला कळतंय.

आता मला सांगा, याला शांतता म्हणायचं का? गोळीबार नाही, दंगल नाही. सरकारी कागदावर सगळं शांत होतं. पण ती भीतीने आलेली शांतता होती. ती टिकते तोवर टिकते.

पुण्याची वकील, जंगलपट्टीची गोदाराणी

इथे आपल्या गोष्टीत गोदावरी परुळेकर येतात. लोक त्यांना गोदूताई म्हणत आणि जंगलपट्टीत गोदाराणी. जन्म १९०७, पुण्याच्या गोखले घराण्यातला. घरात वकिली, सुबत्ता. त्या स्वतःही कायदा शिकल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेल्या, भारत सेवक समाजात काम केलं, १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न केलं.

याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं. भारतीयांना कोणी न विचारताच इंग्रजांनी देश युद्धात ओढला. परुळेकर पतिपत्नींनी युद्धाविरोधात प्रचार केला म्हणून १९४० साली त्यांना अटक झाली. म्हणजे गोदूताई आपल्याकडे येण्याआधी युद्धविरोधी कैदी होत्या. अर्थात जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केल्यावर कम्युनिस्ट पक्षाची भूमिका बदलली आणि तेच युद्ध त्यांना लोकयुद्ध वाटायला लागलं. हे मी मुद्दाम सांगतेय. आपल्याला आवडणाऱ्या माणसाच्या इतिहासातली अशी वळणं आपण गाळतो, आणि मग तो इतिहास राहत नाही, आरती होते.

७ जानेवारी १९४५. टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे पोचले, त्यांत माह्या धांगडा होते. त्यांनी वेठीबद्दल सांगितलं. त्यानंतर गोदूताई आणि शामराव या मुलखात आले. गाडी-रस्ता नाही. पायी फिरायचं, झोपडीत राहायचं, मिळेल ते खायचं. सुरुवातीला लोक बोलायलाच तयार नव्हते. शहरी कपड्यातलं माणूस म्हणजे सावकाराचं किंवा सरकारचं, एवढाच त्यांचा अनुभव.

२३ मे १९४५ ला झरी गावात सभा झाली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. जवळपास ५,००० वारली जमले. ठरलं ते थोडक्यात असं. वेठ करायची नाही. रोख मजुरीशिवाय सावकाराच्या खाजगी जमिनीवर राबायचं नाही. अंगावर हात टाकला तर प्रतिकार करायचा. आणि सगळ्यांनी एक राहायचं.

तिसरा मुद्दा परत वाचा. प्रतिकार करायचा. हे गांधींच्या सत्याग्रहासारखं नाही. पण 'जाऊन सावकाराला मारा' असंही नाही. पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्या हजारो माणसांना हे दोन्ही एका दमात समजावायचं, आता घाबरू नका आणि आता सूडही घेऊ नका, हे काम किती अवघड असेल! पुढच्या काही आठवड्यांत वारली जथ्थ्याने गावोगाव गेले आणि शेकडो लग्नगडी मोकळे केले. नवराही आणि बायकोही. वेठबिगारीविरुद्धचा केंद्राचा कायदा १९७६ चा आहे. जंगलपट्टीने ती त्याच्या तीस वर्षं आधी मोडली होती.

तलवाड्याचा निरोप

आता ती रात्र.

ऑक्टोबर १९४५. गवत कापणीचा हंगाम. इथलं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना जायचं आणि त्यावर बक्कळ पैसा मिळायचा. वारल्यांनी मागणी केली, ५०० पौंड गवत कापायचे अडीच रुपये. संप सुरू झाला. जमीनदार बिथरले.

मग एक निरोप गावोगाव पसरला. गोदूताईंची तलवाड्याला सभा आहे, तिथे त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या-कोयते घेऊन या. निरोप खोटा होता. अशी सभा ठेवलेलीच नव्हती. आणि दुसऱ्या बाजूला पोलिसांच्या कानावर घातलं गेलं की आदिवासी हत्यारं घेऊन जमताहेत.

बघा हं, एकच निरोप दोन तोंडांनी गेला. एका बाजूला प्रेमाला हात घातला, दुसऱ्या बाजूला भीतीला. हजारो वारली आपल्या गोदाराणीला वाचवायला धावत आले. १० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्यांतल्या जेठ्या गांगडचं नाव आजही घेतलं जातं. तलासरीच्या पट्ट्यात १० ऑक्टोबर हा हुतात्मा दिन म्हणून पाळतात.

त्या काळी फोन नाही, ग्रुप नाही, फॉरवर्डचं बटण नाही. तरी हे झालं. म्हणून 'मोबाईलने लोक बिघडले' असं कोणी म्हटलं की मला तलवाडा आठवतो. अफवेला मोबाईल लागत नाही. खरं काय ते जाऊन बघणारं माणूस वेळेवर नसणं, एवढंच लागतं.

यानंतर काय व्हायला हवं होतं असं जमीनदारांना वाटत असेल? वारली एकतर घाबरून घरी बसतील, नाहीतर चिडून वाडे जाळतील आणि मग फौज आणता येईल. दोन्ही झालं नाही. संघटना टिकली. १९४६ मध्ये जंगलकामाच्या मजुरीसाठी पुन्हा मोठा संप झाला आणि वर्ष सरता सरता लाकूड व्यापाऱ्यांना सव्वा रुपया रोज कबूल करावा लागला. परुळेकरांना तर ठाणे जिल्ह्यात यायलाच बंदी घातली गेली. नेता जिल्ह्याबाहेर आणि संप जिल्ह्यात चालू. मला यात गोदूताईंचं सगळ्यात मोठं यश दिसतं. शांतता एका माणसावर टांगून ठेवायची नसते, ती लोकांच्या सवयीत उतरवायची असते.

गोदूताईंनी हे सगळं नंतर 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. ते १९७० साली आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. शाळेत आम्हाला ते कोणी दाखवलं नाही, पण तुम्ही वाचा. १९९६ साली गोदूताई गेल्या.

ज्यांची नावं नाहीत

आता एक गोष्ट मला खटकते, तीही बोलते. आत्तापर्यंत मी किती नावं घेतली? गोदूताई, शामराव, माह्या धांगडा, जेठ्या गांगड. यात एकाही वारली बाईचं नाव नाही.

पण विचार करा. गवत कापायला बायका जायच्या. लग्नगडीच्या बरोबरीने त्याची बायको राबायची. संप म्हणजे घरात चूल पेटणं अवघड. त्या चुलीसमोर कोण बसलेलं होतं? 'उद्या जाऊ नका, परवाही जाऊ नका' हे ज्या घरातल्या बाईने मानलं नसतं, त्या घराचा संप तिसऱ्या दिवशी मोडला असता.

आणि वारली समाजात बाईच्या शब्दाला मान नव्हता असंही नाही. परंपरेने वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती बाई असते. ती गाते आणि मग लग्न लागतं. भिंतीवरचा लग्नाचा चौकही बायकाच काढत आल्या. जिच्या तोंडून दोन घरं जोडली जातात, तिचं नाव लढ्याच्या कागदात येत नाही, कारण कागद लिहिणारे तिच्याकडे गेलेच नाहीत.

गडचिंचले

आता २०२० ची रात्र. यावर बोलू की नको, मी दोन दिवस विचार करत होते.

१६ एप्रिल २०२०. लॉकडाऊनचे दिवस. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ जमावाने तीन माणसांना मारून टाकलं, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. त्याआधी काही दिवस भागात अफवा फिरत होत्या, चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत. पोलिसांसमोर ते घडलं. नंतर टीव्हीवर त्याला कोणकोणते रंग दिले गेले ते सगळ्यांनी पाहिलं.

एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात राहिली. गावची सरपंच बाई होती. तिने नंतर माध्यमांना सांगितलं की ती तिथे पोचली होती, जमावाला रोखायचा प्रयत्न करत होती, आणि जमावाने तिचं ऐकलं नाही.

मग मी माझ्या आईची गोष्ट सांगून टाळ्या कशी घेऊ? आई आधी पोचली आणि निभावलं. सरपंचही पोचली आणि निभावलं नाही. फरक धाडसाचा नाही. आमच्याकडे गाडीजवळ चार बाया होत्या, एकमेकींना ओळखणाऱ्या, रोज मासळी-बाजाराला एकत्र जाणाऱ्या, आणि समोरची पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. एकटी बाई जमाव थांबवू शकत नाही. तिच्यामागे आधीपासून बांधलेली माणसं लागतात. 'बायका जात्याच शांत असतात' वगैरे जे बोललं जातं ना, ते मला पटत नाही. आमच्या मासळी बाजारात एकदा येऊन बघा म्हणजे कळेल! शांतता हा स्वभाव नाही, ते काम आहे. आणि ते आदल्या रात्री सुरू करून जमत नाही.

मासळी बाजारातून शांतता

मासळी बाजारावरून आठवलं. आफ्रिकेत लायबेरिया नावाचा देश आहे. तिथे १९९९ ते २००३ यादवी युद्ध चाललं होतं. लहान मुलांच्या हातात बंदुका दिलेल्या. २००३ साली लेमा बोवी आणि तिच्या सोबतिणींनी ख्रिश्चन आणि मुसलमान बायकांना एकत्र आणलं. पांढरे कपडे घालून त्या राजधानी मोनरोव्हियात रोज एका मैदानात बसायच्या. कुठलं मैदान? मासळी बाजाराजवळचं. ऊन असो, पाऊस असो, मागणी एकच, युद्ध थांबवा.

पुढे घानामध्ये आक्रा शहरात वाटाघाटी सुरू झाल्या. सेनापती हॉटेलात मजेत आणि बोलणी रखडलेली. तेव्हा या बायकांनी सभागृहाच्या दारातच बसकण मारली, तोडगा निघाल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही. १८ ऑगस्ट २००३ ला करार झाला. २०११ चं शांततेचं नोबेल ज्या तिघींना मिळालं, त्यांत लेमा बोवी होती.

त्याआधी, ३१ ऑक्टोबर २००० ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव केला होता. सोप्या भाषेत त्याचा अर्थ, युद्ध मिटवताना बायकांना खुर्ची द्या. पण आक्राची गोष्ट बघितलीत तर कळेल, ठराव होऊन जवळपास तीन वर्षं झाली होती आणि बायका तरीही दाराबाहेर जमिनीवर बसलेल्या होत्या.

आमचं टेबल

आणि आम्ही? आमच्या डहाणूत नर्गिस इराणी नावाच्या बाई होऊन गेल्या. औष्णिक वीज केंद्राविरुद्ध त्या आणि त्यांचे सहकारी कोर्टात लढले. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणूसाठी खास प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला भूमिपूजन झालं.

बंदर हवं की नको, यावर आज मी बोलणार नाही. माझ्याच घरात दोन मतं आहेत. आई ठाम विरोधात, भावाला वाटतं नोकरी लागेल. दोघं एका ताटात जेवतात आणि एकमेकांशी भांडतात, आणि मला ते चालतं.

मी फक्त मोजते. मोर्चा असला, रास्ता रोको असला, मानवी साखळी असली की पहिल्या रांगेत कोण? बाया. 'पोलीस बायकांवर हात टाकायला बिचकतात' म्हणून पुढे उभ्या केलेल्या. आणि बैठक असली की खुर्चीत कोण? पुरुष. इकडचेही पुरुष, तिकडचेही पुरुष. मार झेलायला बाई पुढे आणि बोलायची वेळ आली की बाई चहाच्या किटलीजवळ. गोष्ट चिघळली तर रात्री टॉर्च घेऊन धावायचं तिनेच, मग ती चिघळू नये म्हणून दिवसाच्या बैठकीत ती का नको?

हा प्रश्न मी गेल्या महिन्यात गावातल्या एका बैठकीत विचारला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक काका म्हणाले, 'अगं, त्यांना कोणी नको म्हटलंय? यावं की.' मी घरी येऊन आईला सांगितलं. ती बोंबील निवडत होती. म्हणाली, 'बैठक कधी असते? सकाळी दहाला. तेव्हा आम्ही बाजारात असतो. त्यांना म्हणावं, संध्याकाळी ठेवा, येतो आम्ही.'

मी तेवढाच मेसेज ग्रुपवर टाकलाय. बैठका संध्याकाळी सातनंतर ठेवा. अजून उत्तर आलेलं नाही, दोन निळ्या टिका मात्र दिसतायत.

जाता जाता तुम्हाला एक काम देते. तुमच्या घरात, पाड्यावर, आळीत कोणी म्हातारी असेल, जिने संप पाहिलाय, भांडण मिटवलंय, रात्री धावत गेलीय, तर तिच्याजवळ बसा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि तिला विचारून तिचं नाव आधी नोंदवा. १९४५ च्या बायकांची नावं आपण घालवली. आता आपल्या खिशात रेकॉर्डर असताना तरी घालवायला नकोत.

आणि हो, रात्री साडेदहाला ग्रुपवर काही आलं, तर फॉरवर्ड करायच्या आधी टॉर्च शोधा. भेटू पुढच्या भागात!